पायथन २.७ साठीचा व्हिज्युअल सी++ कंपायलर : उशिरा आलेला आणि लवकर हरवलेला

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. ज्यांनी त्यानंतर २.७ कडे पाठ फिरवली त्यांना या परीक्षणाचा उपयोग नाही. ज्यांना अजूनही २.७ वर चालणारा एखादा प्रोग्राम सांभाळावा लागतो त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझ्याकडे असा एक प्रोग्राम आहे. एका कारखान्यातील तपासणी-यंत्राला जोडलेल्या विंडोज ७ च्या संगणकावर तो चालतो, यंत्रातील कार्डाचा ड्रायव्हर ३२ बिटांचाच उपलब्ध आहे, आणि त्या ड्रायव्हरशी बोलणारे सी भाषेतील एक्स्टेन्शन मॉड्यूल (पायथनला जोडता येणारा सी कोडचा तुकडा) माझ्या आधी तेथे काम करणाऱ्याने लिहून ठेवले आहे. मॉड्यूलला हात लावावा लागत नव्हता तोवर सारे सुरळीत चालले होते. पुढे मोजमापांत एक रकाना वाढवावा लागला, त्यासाठी सी फाइलीतील दहा-बारा ओळी बदलाव्या लागल्या, आणि त्या दहा-बारा ओळींपायी २००८ सालचा कंपायलर (सी कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) शोधण्याची वेळ आली.

त्या शोधाच्या शेवटी जे हाती लागले त्याचे पूर्ण नाव ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ कंपायलर फॉर पायथन २.७’ असे आहे. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ते विनामूल्य उपलब्ध करून दिले. सुमारे ८५ एमबीची ‘व्हीसीफॉरपायथन२७’ नावाची एकच एमएसआय, म्हणजे विंडोजवरील इन्स्टॉलरची, फाइल असते. तीत व्हिज्युअल स्टुडिओ २००८ मधील कंपायलर, बांधलेले तुकडे एकत्र जोडणारा लिंकर, हेडर फाइली, लायब्ररी आणि विंडोज एसडीकेचा (विंडोजसाठी प्रोग्राम लिहिण्याच्या साहित्याचा) लागेल तेवढाच भाग भरलेला असतो. एडिटर नाही, प्रोजेक्ट-फाइली नाहीत, मदतीची जाडजूड पुस्तके नाहीत. पायथनचे पॅकेज बिल्ड करणे एवढ्या एकाच कामासाठी ती बांधलेली आहे आणि तिचे गुण-दोष दोन्ही याच मर्यादेतून आलेले आहेत.

नवा कंपायलर असताना जुना कशाला हवा, हा प्रश्न मला कारखान्यातील व्यवस्थापकांनीही विचारला होता आणि तो रास्तच आहे. विंडोजवर पायथनचा दुभाषी (इंटरप्रिटर, म्हणजे पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम) ज्या कंपायलरने बांधलेला असतो, त्या कंपायलरचे सी रनटाइम (सी प्रोग्राम चालताना लागणारी मूलभूत लायब्ररी) तो सोबत बाळगतो. पायथन २.६ पासून ३.२ पर्यंतच्या आवृत्त्या व्हिज्युअल स्टुडिओ २००८ ने बांधलेल्या असल्याने त्यांचे रनटाइम एमएसव्हीसीआर९०.डीएलएल हे आहे, ३.३ आणि ३.४ या आवृत्त्या २०१० च्या स्टुडिओने बांधलेल्या असून त्यांचे रनटाइम एमएसव्हीसीआर१०० आहे, आणि २.४ व २.५ चे, २००३ च्या स्टुडिओसोबत आलेले, एमएसव्हीसीआर७१. एकाच प्रोसेसमध्ये अशी दोन रनटाइमे नांदू लागली की प्रत्येकाचा हीप (मेमरीचा साठा) वेगळा, एरनो (त्रुटीचा क्रमांक) वेगळा, उघडलेल्या फाइलींचा हिशेबही वेगळा. एका रनटाइमकडून घेतलेली मेमरी दुसऱ्याच्या फ्री या मेमरी परत करणाऱ्या फंक्शनकडे दिली तर प्रोग्राम कोसळतो, आणि तो तत्काळ कोसळला तर नशीबच म्हणायचे, कारण पुष्कळदा तो तासाभराने भलत्याच ओळीवर कोसळतो. पायथन २ मध्ये फाइल-वस्तूच्या पोटातील सी भाषेचा फाइल-पॉइंटर काढून देणारे पायफाइल-अ‍ॅजफाइल हे फंक्शन होते. ते वापरणारे मॉड्यूल वेगळ्या रनटाइमवर बांधलेले असेल, तर तो पॉइंटर त्या मॉड्यूलच्या दृष्टीने निव्वळ कचरा असतो, कारण फाइल या स्ट्रक्चरची मांडणीच दोन्हीकडे सारखी असेल याची हमी नसते. माझ्या यंत्राचे मॉड्यूल नेमके हेच फंक्शन वापरते. त्यामुळे ‘चालून जाईल’ म्हणून नव्या कंपायलरने बांधण्याचा मोह मला आवरावा लागला.

आपले पायथन कोणत्या कंपायलरने बांधलेले आहे हे पाहणे मात्र अगदी सोपे आहे. दुभाषी सुरू केल्यावर पहिल्याच ओळीत ‘एमएससी व्ही.१५००’ असे लिहिलेले दिसले तर तो २००८ चा स्टुडिओ, १६०० दिसले तर २०१० चा, १३१० दिसले तर २००३ चा. त्याच ओळीत पुढे ३२ बिट की ६४ बिट हेही लिहिलेले असते. ती ओळ आपण वर्षानुवर्षे पाहतो आणि वाचत नाही.

हे उत्पादन येण्यापूर्वी योग्य कंपायलर मिळवणे ही एक लहानशी तपश्चर्याच होती. २००८ च्या स्टुडिओची एक्सप्रेस नावाची विनामूल्य आवृत्ती होती, पण तीत ६४ बिटांचा कंपायलर नव्हता. त्यासाठी विंडोज ७ आणि डॉटनेट ३.५ सर्व्हिस पॅक १ यांचे एसडीके वेगळे उतरवावे लागे, आणि मग डिस्टयुटिल्सला (पायथनसोबत येणाऱ्या, मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाला) समजेल अशा रीतीने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मांडून त्याची समजूत घालावी लागे. २०१० च्या एक्सप्रेसची कथाही तीच होती. तेथे तर एसडीके ७.१ बसवून झाल्यावर व्हीसीव्हार्स६४.बॅट ही फाइल स्वतःच्या हाताने लिहून योग्य फोल्डरात ठेवावी लागे, आणि २०१० चे सर्व्हिस पॅक १ चे रिडिस्ट्रिब्युटेबल आधीपासून संगणकावर असेल तर एसडीकेचे इन्स्टॉलर मध्येच मान टाकत असे. आणखी मागे गेले तर २००४ साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल सी++ टूलकिट २००३ मोफत दिले होते. पण त्यात डीएलएल स्वरूपातील रनटाइमशी जोडणारी एमएसव्हीसीआरटी.लिब ही लायब्ररीच नव्हती, म्हणून ती डॉटनेट १.१ च्या एसडीकेमधून उचलून आणावी लागे. पुढे ते टूलकिटही मागे घेण्यात आले. सांगण्याचा हेतू असा की ‘मोफत मिळते, पण अर्धे, आणि शिकून होते न होते तोच नाहीसे’ हा अनुभव या क्षेत्रात मुरलेल्या लोकांना नवा नव्हता.

या पार्श्वभूमीवर २०१४ चे हे उत्पादन हाताळताना पहिली भावना येते ती सुटकेची. इन्स्टॉलर एकही प्रश्न विचारत नाही. परवान्याला संमती दिली की काम संपते. प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत, कारण मूळ पद्धतीने ते केवळ चालू वापरकर्त्यापुरते, त्याच्या लोकल अ‍ॅपडेटा फोल्डरात बसते. कारखान्यांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत संगणकाचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो माणूस नेमका रजेवर असतो. त्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. सर्व वापरकर्त्यांसाठी बसवायचे असेल तर एमएसआयएक्झेकला ऑलयूझर्स बरोबर १ असे सांगून चालवावे, मग ते प्रोग्राम फाइल्सच्या कॉमन फाइल्समध्ये जाते. स्टार्ट मेनूमध्ये ३२ आणि ६४ बिटांचे दोन स्वतंत्र कमांड प्रॉम्प्ट येतात. म्हणजे एक्सप्रेसच्या काळात जी ६४ बिटांची यातायात होती ती येथे एका फाइलीत मिटली आहे. कंपायलरला त्याची आवृत्ती विचारली असता १५.००.३०७२९ हा आकडा येतो. हा व्हिज्युअल स्टुडिओ २००८ सर्व्हिस पॅक १ चा आकडा आहे, त्यामुळे आपल्याला काही कमी प्रतीचे दिले आहे अशी शंका राहत नाही.

बसवल्यानंतर सेटअपटूल्स (डिस्टयुटिल्सवर उभारलेले नवे साधन) ६.० किंवा त्यापुढील आवृत्ती असेल तर पिप या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामने एखादे पॅकेज मागवताच, अथवा आपली सेटअप.पीवाय ही बांधणीच्या सूचनांची फाइल चालवताच, काही न सांगता कंपायलर सापडतो. या ‘सापडण्या’मागे एक बारकावा आहे आणि अर्ध्याअधिक अडचणी तेथेच उगम पावतात. पूर्ण स्टुडिओत व्हीसीव्हार्सऑल.बॅट ही कंपायलरचे पत्ते मांडून देणारी फाइल व्हीसी या उपफोल्डरात असते. या उत्पादनात ती ९.० या फोल्डरात थेट ठेवलेली आहे. पायथनसोबत येणारे डिस्टयुटिल्स तिला जुन्या पत्त्यावर शोधते आणि ‘व्हीसीव्हार्सऑल.बॅट सापडत नाही’ असे सांगून थांबते. सेटअपटूल्सला मात्र नवा पत्ता ठाऊक असतो, कारण ते विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या नोंदवहीत) डेव्हडिव्ह या नावाखाली या उत्पादनाची नोंद पाहते. म्हणून ज्या जुन्या सेटअप.पीवाय फाइली सेटअप हे फंक्शन डिस्टयुटिल्समधून आयात करतात त्या तशाच चालवल्या तर अडतात. पहिल्या ओळीच्या आधी सेटअपटूल्स आयात करणे एवढाच उपाय पुरतो. फाइल बदलायची नसेल तर योग्य बिटांचा कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्टयुटिल्स-यूज-एसडीके आणि एमएसएसडीके ही दोन व्हेरिएबल १ वर ठेवावी. मग डिस्टयुटिल्स शोधाशोध न करता समोर जो कंपायलर आहे तो वापरते.

हा दुसरा मार्ग घेताना माझ्याकडून एक मूर्खपणा झाला तो सांगून टाकतो. माझे पायथन ३२ बिटांचे, आणि मी सवयीने ६४ बिटांचा प्रॉम्प्ट उघडला. ही व्हेरिएबल ठेवली की कंपायलर कोणता हे आपणच ठरवलेले असते, त्यामुळे कुणी अडवत नाही. कंपाइल निर्विघ्न होते आणि लिंकर मात्र पायथनच्या एकाही फंक्शनची ओळख पटत नसल्याची भलीमोठी यादी छापतो. त्या यादीत ‘बिट’ हा शब्द कोठेही येत नाही. दुपारभर मी पायथन२७.लिब बदलून पाहत होतो.

आता कंपायलरविषयी. तो जुना आहे, आणि हे जुनेपण सोसावे लागते. व्हिज्युअल सी++ २००८ सी भाषेचे १९८९ चे प्रमाण मानतो. १९९९ च्या प्रमाणातील पुष्कळ सोयी त्याला ठाऊक नाहीत. सर्व व्हेरिएबल ब्लॉकच्या आरंभीच जाहीर करावे लागतात. फॉर-लूपच्या कंसात इंट आय लिहिले की ‘टाइपच्या आधी अर्धविराम नाही’ अशा अर्थाची त्रुटी येते, आणि नवखा माणूस आधीच्या ओळीत हरवलेला अर्धविराम शोधत बसतो. इनलाइन हा शब्द सी फाइलीत चालत नाही, त्याच्या आधी दोन अधोरेषा लागतात. एसएनप्रिंटएफऐवजी आरंभी अधोरेषा असलेले मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे फंक्शन आहे आणि जागा कमी पडली की ते शेवटचे शून्य लिहीत नाही, ही गोष्ट तर धोक्याचीच. एसटीडीइंट.एच ही हेडर फाइल मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत २०१० पासून येऊ लागली, त्यामुळे २००८ साठी लिहिलेल्या अनेक प्रकल्पांत तिची घरगुती प्रत ठेवलेली आढळते. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरच्या सहवासात वाढलेला कोड येथे आणला की पहिल्या दिवशी शंभरेक त्रुटी दिसतात. त्यांतल्या नव्वद एकाच जातीच्या असतात आणि त्या तासाभरात आवरतात. मी माझ्या दहा-बारा ओळी लिहिताना हे सारे विसरलो होतो, आणि मॉड्यूल मूळ लिहिणाऱ्याने प्रत्येक फंक्शनच्या माथ्यावर व्हेरिएबलांची रांग का लावली होती, ते मला त्या दिवशी कळले. तोवर मी ती त्याची जुनाट सवय समजत होतो.

हाताने सी लिहिण्याऐवजी सायथन (पायथनसारख्या कोडपासून सी कोड निर्माण करणारे साधन) वापरणाऱ्यांना हा त्रास पुष्कळ कमी होतो, कारण सायथनने निर्माण केलेला सी कोड या जुन्या कंपायलरला झेपेल असा असतो. मात्र सायथन ३.१ पासून पायथन २.७ चा आधार काढून टाकलेला आहे, तेव्हा ३.० च्या मालिकेवर थांबावे लागते.

मॅनिफेस्टविषयीही, म्हणजे कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती हवी हे सांगणाऱ्या नोंदीविषयीही, दोन शब्द लिहिणे भाग आहे. २००८ चे रनटाइम विंडोजच्या साइड-बाय-साइड पद्धतीने, म्हणजे प्रोग्रामसोबतच्या मॅनिफेस्टमधील नोंद पाहून लोड होते. पायथनसाठी ही नोंद दुभाष्यापाशी असते आणि एक्स्टेन्शन मॉड्यूलने तिच्याच आधारे चालावे अशी अपेक्षा असते. बिल्ड करताना सारे डिस्टयुटिल्सवर सोपवले तर ते मॉड्यूलमधील रनटाइमची जादा नोंद आपणहून काढून टाकते. पण कुणी स्वतःची बॅच फाइल लिहून हातानेच लिंक करू लागला की आर६०३४ ही सुप्रसिद्ध त्रुटी भेटते, जिच्या मजकुरात प्रोग्रामने सी रनटाइम चुकीच्या रीतीने लोड करण्याचा प्रयत्न केला, एवढेच म्हटलेले असते. त्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे स्वतःची बॅच फाइल फेकून देणे.

येथवर वाचणाऱ्याला वाटेल की किरकोळ तक्रारी वगळता सारे उत्तम आहे, आणि २०१४ ते २०२० या काळापुरते ते खरेही होते. या उत्पादनाचा खरा दोष त्याच्या आत नाही. ते मिळण्यात आहे. कंपायलर सापडला नाही की सेटअपटूल्स जी त्रुटी छापते तिच्यातच ‘व्हिज्युअल सी++ ९.० हवा आहे, तो येथून घ्या’ असे सांगून मायक्रोसॉफ्टच्या त्या पानाचा लघुपत्ता दिलेला असे. त्रुटीनेच औषधाचे दुकान दाखवावे, ही कल्पना फार चांगली होती. पण पायथन २.७ चा आधार संपल्यानंतर ते पान काढून टाकण्यात आले आणि सेटअपटूल्सच्या जुन्या आवृत्त्या मात्र तोच पत्ता अजूनही छापत आहेत. दुकान बंद झाले, पाटी राहिली. व्हिज्युअल स्टुडिओ २००८ चा स्वतःचा विस्तारित आधारही १० एप्रिल २०१८ रोजीच संपलेला असल्यामुळे कंपनीच्या नियमांप्रमाणे यात वावगे काही नाही, हे मला मान्य आहे. तरीही ज्या भाषेची शेवटची आवृत्ती कायमची गोठलेली आहे तिला लागणारा कंपायलरही कायमचा एकच असतो, आणि ८५ एमबीची एक फाइल ठेवून देण्यात कुणाचे फारसे बिघडले असते असे मला वाटत नाही.

मग आज ती फाइल कोठून घ्यावी? इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक यंत्रणेने मायक्रोसॉफ्टच्या मूळ पत्त्यावरील एमएसआय फाइल साठवून ठेवलेली आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे, कारण ती कुणी पुन्हा बांधलेली प्रत नसून मूळ पत्त्यावरून जशीच्या तशी उचललेली असते. ज्यांच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओचे सशुल्क सदस्यत्व आहे त्यांनी आधी त्या सदस्यत्वातील जुन्या उत्पादनांच्या यादीत पूर्ण स्टुडिओ मिळतो का ते पाहावे. तिसरा मार्ग म्हणजे कुठल्यातरी ‘मोफत डाउनलोड’ संकेतस्थळाचा, आणि मी घाईत आधी तोच धरला होता. तेथून उतरलेली फाइल नावाने बरोबर होती, पण ती एमएसआय नव्हती, एक्झी होती, आणि उघडताच ब्राउझरचा टूलबार बसवू का म्हणून विचारू लागली. ती मी तेथेच पुसली. यंत्राशी जोडलेल्या संगणकावर ती चालवली असती तर काय झाले असते याचा विचार आजही नको वाटतो.

फाइल कोठूनही आणलेली असो, ती चालवण्यापूर्वी प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब उघडून स्वाक्षरी मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनची आहे आणि ती वैध दाखवली जाते आहे, हे पाहावे. टॅबच नसेल तर फाइल टाकून द्यावी. मग विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिलने तिचा शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवावा, म्हणजे चार वर्षांनी तीच प्रत हाती आहे याची खात्री करता येते. केवळ कंपायलर जपूनही भागत नाही. पिपची २.७ साठीची शेवटची आवृत्ती २०.३.४, सेटअपटूल्सची ४४.१.१ आणि व्हील फाइली (आधीच बांधलेली पॅकेजे) बनवणाऱ्या व्हील या साधनाची ०.३७.१ आहे, या तिन्हींच्या फाइली आणि २.७.१८ चे इन्स्टॉलर कंपायलरशेजारी ठेवले तरच, इंटरनेट नसलेल्या संगणकावरही, संपूर्ण बिल्ड पुन्हा उभे करता येते. मी या पाच फाइली दोन ठिकाणी ठेवल्या आहेत.

पर्यायांकडे पाहिले तर मिंगडब्ल्यू (जीसीसीची विंडोजवरील आवृत्ती) हा पहिला आठवतो. डिस्टयुटिल्स त्याला ओळखते आणि पायथन १५०० चे आहे हे पाहून एमएसव्हीसीआर९० शी जोडण्याची सूचनाही देते. साध्या सी मॉड्यूलसाठी हा मार्ग चालतो, आणि १९९९ च्या प्रमाणातील सी लिहिता येते हा त्याचा मोठा फायदा आहे. परंतु ६४ बिटांवर एमएस-विन६४ हा मॅक्रो स्वतः द्यावा लागतो, आणि मॉड्यूलला मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेली सी++ लायब्ररी जोडायची असेल तर गाडी रुळावरून घसरते, कारण दोघांची सी++ मधील नावे घडवण्याची रीतच निराळी आहे. कंपायलरला पूर्णपणे टाळायचे असेल तर सीटाइप्स आहे, ते २.५ पासून पायथनसोबतच येते आणि एखाद्या डीएलएलमधील चार फंक्शने बोलवायची असतील तर तेवढे पुरते. माझ्या यंत्राचे मॉड्यूल आज नव्याने लिहायचे झाले तर मी तेच वापरीन. पण ते नव्याने लिहिण्यासाठी यंत्र आठवडाभर बंद ठेवायला कोणी तयार नाही.

कुणीतरी आधीच बांधून ठेवलेली व्हील मिळत असेल तर कंपायलर लागतच नाही. लोकप्रिय पॅकेजांच्या २.७ साठीच्या व्हील पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात आजही आहेत, नमपाय या गणिती पॅकेजची १.१६ ही मालिका २.७ ला आधार देणारी शेवटची मालिका होय. त्यामुळे प्रत्यक्षात हा कंपायलर लागतो तो घरच्या, कुठेही प्रसिद्ध न केलेल्या मॉड्यूलांसाठी, आणि तेथे दुसरे कुणी आपल्यासाठी व्हील बांधून ठेवणार नसते. म्हणूनच माझा आग्रह आहे की एकदा बिल्ड यशस्वी झाले की लगेच व्हील बनवून ती जपावी. फाइलीच्या नावात सीपी२७एम आणि विन३२ ही अक्षरे आली आहेत ना, हे पाहिले की मघाशी सांगितलेली ३२-६४ ची गफलतही तेथेच पकडता येते.

लिनक्सवरची गंमत थोडी वेगळी आहे. तेथे जुना कंपायलर नको असतो, जुनी सी लायब्ररी हवी असते, कारण नव्या जीलिबसीवर (लिनक्सच्या सी लायब्ररीवर) बांधलेले मॉड्यूल जुन्या यंत्रणेवर लोड होत नाही. पायथनवाल्यांनी त्यावर मेनीलिनक्स ही योजना काढली. २०१६ च्या पीईपी ५१३ या प्रस्तावाने पहिली आवृत्ती सेंटओएस ५ या लिनक्स यंत्रणेवर आधारली, पुढची २०१० या नावाची सेंटओएस ६ वर आणि २०१४ या नावाची सेंटओएस ७ वर. जुन्या यंत्रणेत तुलनेने नवा जीसीसी घालून तयार केलेली डॉकर प्रतिमा (तयार यंत्रणेची गुंडाळलेली प्रत) एका आज्ञेने उतरते आणि आत सारे जागच्या जागी असते. विंडोजवरील एमएसआय आणि लिनक्सवरील ही प्रतिमा दोन्ही हाताळल्यावर मला प्रतिमेची रीत अधिक शहाणपणाची वाटली, कारण त्या प्रतिमेची घडण समुदायाच्या हातात आहे, तिची कृती उघड आहे आणि मूळ ठिकाणाहून ती गेली तरी कुणालाही ती पुन्हा उभी करता येते. बंदिस्त कंपायलरच्या बाबतीत ही मुभा नाही.

पायथन ३.५ पासून विंडोजवरही हा ताप पुष्कळ उतरला. २०१५ च्या स्टुडिओपासून मायक्रोसॉफ्टने सी रनटाइमचा मोठा भाग युनिव्हर्सल सीआरटी या नावाने विंडोजचाच घटक केला आणि २०१५, २०१७, २०१९, २०२२ या स्टुडिओंचे कंपायलर परस्परांशी जुळते ठेवले. त्यामुळे आजच्या बिल्ड टूल्सनी ३.५ साठीचे मॉड्यूलही बांधता येते. ३.३ किंवा ३.४ वर अडकलेल्यांना मात्र दिलासा नाही. त्यांच्या वाट्याला २०१० चा कंपायलर आणि वर वर्णन केलेली एसडीके ७.१ ची यातायातच येते. त्यांच्यासाठी ‘फॉर पायथन’ असे ८५ एमबीचे पॅकेज कधी निघालेच नाही. अशांनी कंपायलर शोधण्यात वेळ घालवू नये, पायथनच बदलावे, ३.४ वरून पुढे जाणे हे २.७ वरून ३ वर जाण्याच्या मानाने फारच सोपे आहे.

गुण द्यायचेच झाले तर वस्तू म्हणून पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण मी डिस्टयुटिल्सला न दिसणाऱ्या त्या पत्त्यासाठी कापतो, कारण फाइल जुन्या जागी ठेवली असती तर हजारो लोकांचे तास वाचले असते. उपलब्धता मोजायची तर दोनच्या वर जाणार नाही, आणि तेही अर्काइव्हच्या कृपेने. कारखान्यातील मॉड्यूल या कंपायलरने बांधून बसवल्याला आता सात महिने झाले. नवा रकाना व्यवस्थित येतो. कार्डाच्या निर्मात्याने ६४ बिटांचा ड्रायव्हर देण्याचे कबूल केले आहे. तो आला की मॉड्यूल सीटाइप्सवर नेण्याचा बेत आहे, आणि तोवर त्या पाच फाइली आहेत तेथेच राहतील.